खलनायकाचा अर्धा चेहरा

गेल्या वाढदिवशी मुलाने मला एक वीतभर उंचीची मूर्ती भेट दिली. बॅटमॅनच्या चित्रकथांमधील 'टू-फेस' हा खलनायक: अर्धा चेहरा देखणा, अर्धा जळून विद्रूप, हातात नाणे. संग्राहकांसाठी घडवलेली वस्तू असल्याने कारागिरी उत्तम होती. मी ती कौतुकाने दवाखान्यातील टेबलावर ठेवली.

काही दिवसांनी सहा-सात वर्षांची एक मुलगी खोकल्यासाठी आली. उकळते पाणी सांडून तिचा डावा गाल पूर्वीच भाजलेला. मूर्तीकडे एकटक पाहत तिने विचारले, "डॉक्टरकाका, हा वाईट माणूस आहे का?" मी सहज 'हो' म्हणालो. तिचा हात नकळत गालाकडे गेला. त्याच दिवशी मूर्ती घरी नेली; पण प्रश्न तेवढ्याने सुटत नाही.

हे पात्र १९४२ साली 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या ६६ व्या अंकात अवतरले. मुळात तो सचोटीचा सरकारी वकील. भर न्यायालयात एका गुंडाने त्याच्यावर अ‍ॅसिड फेकले. म्हणजे खरे पाहता तो पीडित. तरी चेहरा बिघडताच मनही बिघडले, असे कथा सांगते. १९४३ मध्ये प्लास्टिक सर्जरीने चेहरा पूर्ववत होताच तो सुधारलाही! त्वचा आणि सदसद्विवेक यांचा असा संबंध कोणत्या वैद्यकीय ग्रंथात आहे?

केवळ परकीयांना दोष देण्यात अर्थ नाही. मंथरेचे कुबड आपणही तिच्या दुष्टपणाची खूण म्हणूनच रंगवत आलो. मात्र आठ ठिकाणी वाकलेल्या अष्टावक्राला ज्ञानी मानणारी परंपराही आपलीच आहे. मुलांना ती कथा किती घरांत सांगितली जाते?

ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने २०१८ मध्ये, चेहऱ्यावरील व्रण ही दुष्टपणाची खूण म्हणून वापरणाऱ्या चित्रपटांना अर्थसाहाय्य न देण्याची भूमिका घेतली. मी बंदीचा पुरस्कर्ता नाही. मुलांनी या कथा जरूर वाचाव्यात. परंतु वाचताना शेजारी बोलणारे कोणी असावे. भाजलेल्या, दुभंगलेल्या ओठाच्या वा कोड असलेल्या मुलांवर उपचार करणाऱ्या आपणा डॉक्टरांवर तर ही जबाबदारी अधिकच आहे.

ती मुलगी पुन्हा येईल तेव्हा मला माझे उत्तर दुरुस्त करायचे आहे. बरे-वाईट स्वतः ठरवण्याऐवजी हा माणूस नाणे उडवतो आणि छाप पडेल तसे वागतो. वाईट आहे ते हे वागणे. त्याच्या गालाचा त्यात काहीही अपराध नाही.