आमची सोसायटी

गेल्या रविवारी आईचा फोन आला. ‘‘आपला खालचा फ्लॅट रिकामा झालाय. तू पत्रकार ना? मग जाहिरात लिहून दे.’’ मी लॅपटॉप उघडला. वन बीएचके, कोथरूड, चोवीस तास पाणी, टू-व्हीलर पार्किंग... चार ओळी धडाधड टाइप झाल्या. पाचव्या ओळीला बोटं थांबली. ‘‘आणि हो, फक्त फॅमिली. शाकाहारी.’’

ही ओळ मला तोंडपाठ आहे. तिच्यामुळेच तर मी आयुष्यातली पहिली (आणि बहुधा शेवटची) संस्था काढली होती!

साल २०१८. पुण्यात मास कॉमला नुकतीच अ‍ॅडमिशन घेतलेली. शेजारच्या बाकावर एक सुदानी मुलगा, खार्टूमहून आलेला. हॉस्टेल मिळालं नव्हतं, म्हणून मित्राच्या खोलीत चटई टाकून झोपायचा. फोनवर विचारलं की फ्लॅट रिकामा असायचा. हा दारात उभा राहिला की ‘सॉरी, आत्ताच गेला!’ असे तेरा फ्लॅट. तो हे किस्से इतके रंगवून सांगायचा, की आम्ही पोट धरून हसायचो. चौदाव्या वेळी मी बरोबर गेले. घरमालकीणबाईंनी मला पाणी दिलं, त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि मलाच विचारलं, ‘‘तुला हवाय का गं? तुला देते की.’’

त्या दिवशी हसू आलं नाही. परतताना रिक्षातच ठरलं... यार, काहीतरी करायला पाहिजे.

नावावरूनच पहिलं भांडण. ‘मंडळ’ म्हटलं तर वर्गणीच्या भीतीने लोक पळतील. ‘क्लब’ म्हटलं तर सरांच्या भुवया वर. शेवटी ‘सोसायटी’वर एकमत झालं. पहिल्या मीटिंगचा अजेंडा आम्ही भारतीयांनीच बनवलेला: सगळ्या देशांचे झेंडे, फॅशन शो, फूड फेस्टिव्हल. कॅन्टीनमधून चाळीस समोसे मागवले. आले अकरा जण, त्यातले सात आम्हीच! उरलेल्या चौघांत एक अफगाणी मुलगी होती. तिने आमचं सगळं प्रेझेंटेशन शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, ‘‘नाचायला आम्हाला आमची खोली पुरते. खोली शोधायला कुणी बरोबर येणार का?’’

फॅशन शो तिथेच गुंडाळला.

मग आमची सोसायटी म्हणजे एक दोनशेपानी रजिस्टर झालं. कुठला एजंट सरळ बोलतो, कोण डिपॉझिट परत देतो, सगळी कुंडली त्यात. तेव्हा नियम असा होता, की सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायला आलेल्या परदेशी विद्यार्थ्याने आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करायची. त्यासाठी राहण्याचा पत्ता हवा आणि पत्त्यासाठी घर हवं. शिवाय परदेशी माणूस राहायला आला की २४ तासांत घरमालकाने ‘फॉर्म सी’ भरायचा. निम्मे घरमालक त्या फॉर्मच्या नावानेच गारठायचे. आम्ही शेजारी बसून तो भरून द्यायचो. भीती फॉर्मची असेल तर अर्ध्या तासात जायची. ज्यांची भीती वेगळी होती, त्यांच्यासाठी कुठला फॉर्मच नव्हता.

हे दुखणं जुनंच आहे, हेही तेव्हा कळलं. फर्ग्युसनच्या हॉस्टेलचे रेक्टर असताना डॉ. शां. ब. मुजुमदारांनी एका मुलीला मॉरिशसच्या आजारी मुलाला खिडकीतून जेवण देताना पाहिलं. १९७१ मध्ये सुरू झालेल्या सिम्बायोसिसचं मूळ त्या खिडकीत आहे, हा किस्सा पुण्यात बहुतेकांना ठाऊक. आमची उडी एवढी मोठी नव्हती. आमचं आपलं रजिस्टर.

आणि शनिवारचा मराठीचा वर्ग! ‘काका, मीटरने चला’ हा धडा पहिला. पीएचडी करणारा एक इराणी मित्र तर आम्हालाच शिकवायचा. दरवाजा, पेशवा, हे सगळे शब्द फारसीतून आलेत म्हणे! २१ मार्च २०१९ ला धुळवड आणि नवरोज एकाच दिवशी आले. सकाळी आम्ही त्यांना रंगवलं आणि दुपारी तशाच जांभळ्या तोंडांनी त्यांच्या हफ्त-सीनभोवती बसलो. सफरचंद, लसूण, व्हिनेगर... फारसीत ‘स’ने सुरू होणाऱ्या सात वस्तू. हफ्त म्हणजे सात आणि आठवड्याचा ‘हफ्ता’ही त्यातलाच. गाडीचे हप्ते भरणाऱ्या माझ्या वाचकांनो, तुमच्या ईएमआयचं माहेर तिकडे आहे बरं का!

आता खरी गोष्ट सांगते. ती मी आजवर टाळत आले.

मे २०१९. सुदानी मित्राला एव्हाना मिळालेला फ्लॅट सोडायचा होता, भाडेकरार संपत आला होता. तो आमच्याकडे पोहे खायला आला. बिल्डिंगच्या गेटवर एक पाटी होती. माझ्याच वर्गात देवनागरी शिकलेला तो, एकेक अक्षर जोडत मोठ्याने वाचू लागला, ‘‘फ-क्त... फॅ-मि-ली.’’ खाली बाबांचा मोबाइल नंबर. तोही त्याने वाचला. मग वर येऊन दोन प्लेट पोहे खाल्ले, आईला ‘छान झालेत’ म्हणाला आणि गेला.

रात्री मी आईला विचारलं. ‘‘मुलगा गोड आहे गं. मला काही नाही, पण सोसायटीवाले काय म्हणतील?’’

सोसायटीवाले! परक्या घरमालकांशी मी तास-तास हुज्जत घातली होती. आईशी वाद घातला तो जेमतेम पाच मिनिटं. फ्लॅट एका बँकवाल्या कुटुंबाला गेला. मित्राने त्याबद्दल मला कधीच काही विचारलं नाही.

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला, मेस बंद झाल्या. पोरं अडकली. मी काही बोलायच्या आत आईनेच कणीक भिजवली. रोज तीस पोळ्या आणि बटाट्याची भाजी. बाहेरच्यांना बिल्डिंगमध्ये यायला बंदी, म्हणून ती गेटच्या आत उभी राहायची आणि तो बाहेर. डबा गेटवरून जायचा. पाटी तेव्हा नव्हती, पण तिचे दोन खिळे तसेच होते.

एप्रिल २०२३ मध्ये सुदानमध्ये युद्ध पेटलं. तो तेव्हा खार्टूममध्ये होता. काही आठवड्यांनी कैरोहून त्याचा मेसेज आला. घरचे सगळे सुखरूप, भाड्याने जागा शोधतोय. खाली स्मायली टाकून लिहिलं होतं, ‘काळजी करू नकोस. प्रॅक्टिस पुण्यात झालीय.’

रविवारी फोनवर मी हा मेसेज आईला पहिल्यांदाच वाचून दाखवला. मग म्हटलं, ‘‘आई, पाचवी ओळ मी लिहिणार नाही.’’

पलीकडे बराच वेळ शांतता. मला वाटलं, फोन कट झाला.

‘‘बरं,’’ आई म्हणाली. ‘‘पण मग स्वयंपाकघरात एक्झॉस्ट फॅन बसवावा लागेल. केवढ्याला येतो, बघून ठेव.’’