विश्लेषण : जुन्या जीपची बॉडी, बोलेरोची चॅसी, हा जुगाड कुठे अडतो?

वरून विलिस जीप, खालून बोलेरो. जुना रुबाब, नवं डिझेल इंजिन आणि पॉवर स्टिअरिंग. ऐकायला सौदा झकास वाटतो. जीप मॉडिफाय करून घेण्यासाठी हरियाणातलं मंडी डबवाली देशभर प्रसिद्ध आहे, पण अशी कामं करणारी गॅरेज आता सगळीकडेच सापडतात. मग अडतं कुठे?

पहिला पेच मापाचा

विलिस जीपचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, 80 इंच, सुमारे 2032 मिमी. बोलेरोचा 2680 मिमी. फरक दोन फुटांहून जास्त. त्यामुळे एकतर बॉडी लांबवायची किंवा चॅसी कापायची. बॉडीचा पत्रा वाढवणं तुलनेनं सोपं, पण जीपचा तोंडवळा बिघडतो. म्हणून बरेच जण चॅसीवर कटर चालवतात आणि खरा धोका तिथे सुरू होतो.

खड्ड्यातून जाताना चॅसी सतत पिळवटते. वेल्डिंगच्या उष्णतेनं जोडाशेजारच्या पोलादाचा गुणधर्म बदलतो आणि तडा बहुधा तिथूनच जातो. वरून रंग मारला की जोड दिसतही नाही. चॅसी आखूड केली की प्रोपेलर शाफ्टही आखूड करून बॅलन्स करावा लागतो, नाहीतर गाडी वेगात थरथरते. स्टिअरिंगचा दांडा नव्या कोनात बसवावा लागतो, ब्रेकचे पाइप नव्यानं टाकावे लागतात. मूळ जीपची इंधन टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली. बोलेरोची जागा वेगळी. स्प्रिंगा जड गाडीसाठी बनलेल्या, त्यामुळे हलक्या बॉडीखाली त्या दगडासारख्या वागतात. यातलं काहीच अशक्य नाही. पण हे गणित कागदावर मांडणारी गॅरेज किती?

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये हेच ठामपणे सांगितलं. बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे 5 हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. अपघात झाला तर स्वतःच्या नुकसानीचा विमा दावाही धोक्यात येतो.

व्हिंटेजची पळवाटही बंद आहे. 2021 च्या नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या गाडीला 'व्हीए' मालिकेचा क्रमांक मिळतो, पण गाडी मूळ स्वरूपात हवी. चॅसी बदलली की तो हक्क गेला. थोडक्यात, एका सौद्यात दोन गाड्यांची ओळख पुसली जाते.

बंदी समजण्यासारखी आहे. आपल्या रस्त्यांवर बिनतपासणीच्या वेल्डिंगला मोकळीक देणं परवडणारं नाही. तरी सरसकट 'नाही' म्हटल्यानं काम थांबलेलं नाही, फक्त लपलं आहे. ब्रिटनमध्ये अशी गाडी वैयक्तिक तपासणीतून पास करून घेता येते आणि मूळ ओळख ठरत नसेल तर 'क्यू' क्रमांक मिळतो. आपल्याकडे हौशी मालकाला शुल्क भरून चॅसी, ब्रेक, स्टिअरिंग तपासून घेण्याची तशी सोय का नसावी?

तोवर, जुनी जीप घेणाऱ्यानं चॅसीवर कोरलेला नंबर आरसीशी स्वतः जुळवावा. नंबराभोवती ग्राइंडरच्या खुणा किंवा ताजं वेल्डिंग दिसलं, तर बयाणा देऊ नये.