देवयानीची संहिता आणि तिच्यातले प्रक्षेप

हबल दुर्बिणीने टिपलेल्या दीर्घिकांची देखणी चित्रे घरबसल्या पाहता येत असताना, पेणच्या किंवा रोह्याच्या परसदारी छोटी दुर्बीण आणि कॅमेरा लावून त्याच दीर्घिका पुन्हा टिपण्यात काय हशील, असा प्रश्न साहजिकच विचारला जातो. 'छंद' हे त्याचे सोपे उत्तर झाले. साहित्याच्या अभ्यासकाला मात्र ते पुरेसे वाटू नये. या छंदाची पद्धत आपल्या परिचयाच्या एका शिस्तीशी, म्हणजे पाठचिकित्सेशी, जवळचे नाते सांगते. आणि त्या शिस्तीला कायम छळणारा प्रक्षेपाचा प्रश्न आज या छंदापुढेही उभा आहे.

आधी पद्धत पाहू. देवयानी दीर्घिका आपल्यापासून सुमारे 25 लाख प्रकाशवर्षे दूर आहे. तरीही आकाशात तिची लांबी सुमारे 3 अंश, म्हणजे पूर्णचंद्राच्या सहापट भरते. तिच्यासाठी साधी टेलिफोटो लेन्सही पुरते. अडचण आकाराची नसून अंधुकपणाची आहे. म्हणून पृथ्वीच्या फिरण्याची भरपाई करणाऱ्या माउंटवर कॅमेरा बसवून एकेका मिनिटाची शेकडो छायाचित्रे घेतात आणि संगणकावर ती एकमेकांशी जुळवून त्यांची सरासरी काढतात. सुटे चित्र सदोषच असते. पण त्यातला यादृच्छिक 'नॉइज' प्रत्येक चित्रात वेगळा असतो, दीर्घिकेचा प्रकाश मात्र सर्वांत समान असतो. 100 चित्रांच्या सरासरीत हा नॉइज एक दशांशावर येतो. सेन्सरचे कायमचे दोष सरासरीने जात नाहीत. त्यासाठी लेन्सला झाकण लावून तितक्याच वेळाची काळी चित्रे घ्यावी लागतात आणि ती वजा करावी लागतात.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने 1919 ते 1966 या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तिच्यामागचा विचार याहून फार निराळा नाही. एकही पोथी निर्दोष नाही. परंतु स्वतंत्र पोथ्यांचे दोष वेगवेगळे असतात आणि त्यांची साक्ष जिथे जुळते तिथे मूळ पाठाजवळ जाता येते. एकाच परंपरेतल्या पोथ्यांनी वारशाने घेतलेली चूक मात्र, सेन्सरच्या दोषाप्रमाणे, केवळ संख्याबळाने ओळखता येत नाही. वि. स. सुखठणकरांनी आदिपर्वाचे संपादन करताना गणेश व्यासांचा लेखनिक झाल्याची कथा मुख्य संहितेतून काढली. गणेशमूर्तींच्या पेणला हा निर्णय कदाचित रुचणार नाही. पण ती कथा फेकून दिलेली नाही, परिशिष्टात ठेवलेली आहे. संपादकाची नीती ती हीच: मूळ कोणते आणि भर कोणती, हे वाचकाला कळले पाहिजे.

आता पेण-रोह्याचे आकाश पाहू. पावसाळ्याचे चार महिने संपले की देवयानी संध्याकाळच्या आकाशात चढू लागते. इथून ती उत्तरेकडे, क्षितिजापासून सुमारे 67 अंशांवर माथा गाठते आणि वायव्येला, म्हणजे मुंबई-नवी मुंबईच्या उजेडात उतरते. शिवाय डोलवीचा पोलाद कारखाना, नागोठण्याचा पेट्रोकेमिकल प्रकल्प, रोह्याजवळची धाटावची औद्योगिक वसाहत यांचे दिवे आहेतच. खाडीकाठच्या दमट हवेत हा उजेड अधिकच पसरतो. चित्रातून हा उजेड संगणकाने वजा करता येतो. त्याने आणलेला नॉइज मात्र मागे उरतो. अशा आकाशाखाली प्रामाणिकपणे काढलेले चित्र खरखरीत असते, आणि तिथेच मोह सुरू होतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी काही साधने आता हा खरखरीतपणा क्षणात दूर करतात. आधी पाहिलेल्या असंख्य चित्रांवरून 'इथे काय असावे' याचा अंदाज बांधून ती तपशील भरतात. सर्वच साधने असे करतात असे नाही. पण जी करतात ती संपादन करीत नाहीत, प्रक्षेप करतात. इथे केवळ छंदाच्या शुचितेचा प्रश्न नाही. पेणच्या परसातून काढलेली देवयानी हबलच्या चित्रासारखी दिसू लागली, तर पाहणाऱ्याचा समज होईल की पेणचे आकाश अजून तसेच काळेभोर आहे. जी हानी होत आहे तिचा पुरावाच आपण पुसून टाकू. काळोख ही जपण्याची गोष्ट आहे हे 2024 साली पेंच व्याघ्र प्रकल्पाला मिळालेल्या 'डार्क स्काय पार्क' या मान्यतेने महाराष्ट्रात ठळक झाले; पण पुरावा नसेल तर पेण-रोह्याच्या काळोखाची बाजू मांडणार कशी?

निखळ साक्षीचे मोल किती टिकते, याचे उदाहरण जुने आहे. बांधकाम व्यवसायात हयात घालवलेल्या आयझॅक रॉबर्ट्स या हौशी निरीक्षकाने 1888 साली देवयानीचे छायाचित्र काढले आणि तिची सर्पिल रचना उघड झाली. तेव्हा अनेकांना ती जन्माला येणारी सूर्यमाला वाटली. 1920च्या दशकात हबलच्या निरीक्षणांनी ती स्वतंत्र दीर्घिका असल्याचे सिद्ध केले. अर्थ बदलला, चित्र टिकले. कारण समजुतीला अनुकूल अशी भर त्यात कोणी घातली नव्हती. अलीकडे, 2022 साली, फ्रान्स-जर्मनीतील हौशी छायाचित्रकारांच्या चमूने देवयानीजवळ ऑक्सिजनच्या प्रकाशातली एक अंधुक, अज्ञात कमान टिपली. तो भास नसल्याची खात्री इतरांच्या स्वतंत्र चित्रांशी पडताळूनच झाली. आधीच्या चित्रांवर पोसलेल्या यंत्राने ती कदाचित डाग समजून पुसलीही असती.

रंग आणि उजळपणा ठरवताना छायाचित्रकारही निवड करतोच, मग प्रक्षेपाचेच एवढे अवडंबर का, असा आक्षेप येईल. निवड संपादकही करतो. पण तो पाठभेद नोंदवतो. दीर्घिकेच्या प्रत्येक चित्राखाली स्थळ, तारीख, एकूण एक्स्पोजर आणि केलेले संस्कार लिहिलेले असावेत, मूळ चित्रे जपून ठेवावीत, आणि यंत्राने भरलेला तपशील असेल तर तसे स्पष्ट म्हणावे, एवढीच अपेक्षा आहे. रोह्याच्या परसातली खरखरीत देवयानी हबलहून निकृष्ट दिसेल, हे मान्य. पण त्या रात्री रोह्याचे आकाश कसे होते, हे तिच्यावाचून दुसरे कोणतेही चित्र सांगणार नाही.