दहा पोरांची बॅच

पुण्यात कुठल्याही परकीय भाषेच्या क्लासची जाहिरात वाचा. एक वाक्य ठरलेलं असतं: ‘बॅचमध्ये फक्त दहा विद्यार्थी’. या ‘फक्त’चे वेगळे पैसे लागतात आणि आपण आयटीवाले ते खुशीने मोजतो. आता हेच दहा विद्यार्थी वेल्ह्यातल्या एखाद्या वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेत नेऊन बसवा. लगेच त्यांचं नाव बदलतं. ते ‘कमी पटसंख्या’ होतात आणि त्यांचं काय करायचं यावर बैठका बसतात.

सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण खात्याने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ काढायचे प्रस्ताव मागवले, तेव्हा नमुना म्हणून दोन नावं पुढे केली होती. एक नंदुरबारचं तोरणमाळ, दुसरं आपलं पानशेत. म्हणजे वेल्हे तालुकाच. (२०२४ मध्ये मंत्रिमंडळाने तालुक्याला राजगड नाव द्यायला मंजुरी दिली, पण माझ्या तोंडात अजून वेल्हेच बसलंय.) राज्यात अशा छोट्या शाळा १४ हजारांहून जास्त निघाल्या. विरोध झाला तो अंतरावरून, पावसावरून, मुली शाळा सोडतील म्हणून. सगळं खरंच आहे. पण मला त्यात आणखी एक मुद्दा घालायचाय, आणि तो सुचला व्हिएतनामी शिकताना.

आमच्या प्रोजेक्टची अर्धी टीम हो ची मिन्ह सिटीत बसते, म्हणून हा उद्योग. व्हिएतनामीत ‘मा’ सहा प्रकारे म्हणतात. आवाज सपाट ठेवला तर भूत, वर नेला तर आई, अलगद खाली सोडला तर ‘पण’, खाली आपटून घशात तोडला तर भाताचं रोप, म्हणजे आपला तरवा. उरलेले दोन म्हणजे थडगं आणि घोडा. लिपी रोमन. अलेक्सांद्र द रोद या जेझुइट पाद्र्याचा शब्दकोश १६५१ साली रोममध्ये छापला, त्यातही ती आहे. त्यामुळे आठवड्याभरात वाचता येईल असं वाटतं. येतंही. फक्त ऐकणाऱ्याला काही कळत नाही.

म्हणून आमच्या बाईंनी पहिले काही तास वहीच उघडू दिली नाही. दोघांची जोडी. एकाने शब्द म्हणायचा, दुसऱ्याने समोरच्या चित्रांतलं एक उचलायचं. ‘आई’ म्हटलं आणि समोरच्याने भूत उचललं, तर चूक म्हणणाऱ्याची. याला आमच्या धंद्यात टेस्ट केस म्हणतात. अपेक्षित उत्तर आधी ठरलेलं आणि निकाल जागच्या जागी. साठ जणांच्या वर्गात कोरस होतो, आणि कोरसमध्ये सगळ्यांचे बग सुखाने नांदतात.

२००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना पहिलीपासून इंग्रजी आलं. निर्णय धाडसाचा होता, मला आजही पटतो. पण आपण शिकवलं काय, तर सी ए टी कॅट! स्पेलिंग हे वहीचं काम आहे, जिभेचं नाही. मराठी लिहिताना आपण ह्रस्व-दीर्घावरून भांडतो, पण बोलताना ‘इ’ आणि ‘ई’त फारसा फरक करत नाही. त्यामुळे ‘शिप’ आणि ‘शीप’, म्हणजे जहाज आणि मेंढी, आपल्या तोंडून एकच निघतात. हे शंभरदा लिहून सुटत नाही. समोरच्याने जहाजाऐवजी मेंढी उचलली की सुटतं. आणि हे आपल्याला कुणी बाहेरून शिकवावं? आपली मुळाक्षरंच घशापासून ओठांपर्यंत जागा ठरवून लावलेली आहेत. आपण ती पाठ केली, जीभ कुठे जाते ते कुणी पाहिलं नाही.

वर हसायला आपण तयार. वेल्ह्यातलं पोर ‘पानी’ म्हणालं की पुण्यात भुवई वर जाते. आमच्या व्हिएतनामी बाई दक्षिणेकडच्या. दक्षिणेत सहापैकी दोन स्वर एकच होतात, म्हणजे थडगं आणि घोडा कानाला सारखे. लिहिताना वेगळे. तिथले डॉक्टर आणि प्राध्यापकही तसंच बोलतात, आणि बाईंनी हे पहिल्याच दिवशी न लाजता सांगितलं. हेच पोर ‘जग’ हा शब्द दुनिया म्हणून वेगळा आणि ‘जगणं’मधला म्हणून वेगळा उच्चारतं, अक्षर एकच असताना. म्हणजे कान पक्का आहे. त्याला ‘पाणी’ हवं असेल तर तेही चित्रं उचलून येईल, ‘मन’ आणि ‘मण’ अशी जोडी लावून. टोमणे मारून ते गप्प बसेल, एवढंच होईल.

आता छोट्या शाळेच्या विरोधातलं बोलणंही ऐकू. एका शिक्षकावर दोन-तीन इयत्ता असतात, कबड्डीचा संघ होत नाही, मुलं एकटी पडतात. यातलं कबड्डीचं मला मान्य आहे. पण भाषेच्या तासाला मिश्र इयत्ता अडचणीची नाही, उलट फायद्याची आहे. चौथीतल्या मुलीने शब्द म्हणावा, पहिलीतल्या भावाने चित्र उचलावं. दोघंही शिकतात, आणि तेवढ्यात गुरुजी तिसरीचं गणित घेतात. तरी गुरुजी एकटे पडत असतील तर दुसरे गुरुजी द्या. मुलांना घाटातून रोज ने-आण करायच्या गाडीचा खर्च झेपणार असेल, तर पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या चित्रांचाही झेपेल.

साधा हिशोब करा. चाळीस मिनिटांचा तास. मुलं एकेक करून बोलली तर दहा जणांत प्रत्येकाला चार मिनिटं, साठ जणांत चाळीस सेकंद. जोड्या लावल्या तर दहा जणांत प्रत्येकाला वीस मिनिटं. साठ जणांतही कागदावर तेवढीच, पण तीस जोड्यांच्या गोंगाटात ‘शिप’ की ‘शीप’ ऐकणार कोण?

समूह शाळेच्या प्रस्तावात इमारत आहे, संगणक आहे, मैदान आहे. त्यात आणखी एक रकाना घाला: सध्याच्या शाळेत प्रत्येक मूल रोज किती मिनिटं स्वतः बोलतं, आणि नव्या शाळेत किती बोलेल? दोन आकडे फक्त. मोजायला माणूस नाही म्हणत असाल तर स्टॉपवॉच घेऊन मी यायला तयार आहे. शनिवारी सुट्टी असते मला.