ऐकणारा कोण?

१० डिसेंबर २०२४. परभणीत रेल्वे स्टेशनजवळ, बाबासाहेबांच्या पुतळ्यापुढची संविधानाची प्रतिकृती फोडली गेली. दुसऱ्या दिवशी बंद, दगडफेक, लाठ्या, धरपकड. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत सोमनाथ सूर्यवंशीचा जीव गेला. वडार समाजाचा, कायदा शिकणारा. शवविच्छेदनात अनेक जखमा निघाल्या. तरी पोलिसांवर गुन्हा नोंदवा हे २०२५ च्या जुलैत हायकोर्टाला सांगावं लागलं, अन् सुप्रीम कोर्टाला ते कायम करावं लागलं.

मोर्चे निघाले. पुढारी आले, बोलले, गेले. पण वस्तीतल्या लेकरांना कुणी विचारलं का? बापाला, भावाला घरातून नेताना ज्यानं बघितलं, ते लेकरू रात्री झोपतं का? गंगाखेड-सोनपेठकडं माय-बाप ऊसतोडीला गेल्यावर म्हाताऱ्या आजीजवळ राहणारी पोरगी मनातलं कुणाजवळ बोलते?

फोन आहे म्हणतात. १०९८. आहे. त्याची कहाणी ऐका. १९९६ साली मुंबईत, टाटा समाजविज्ञान संस्थेतून तो सुरू झाला. फलाटावर झोपणाऱ्या, रस्त्यावर वाढणाऱ्या पोरांनाच कामात घेतलं होतं. अडचणीतलं पोर कुठं लपतं, कुणाला भितं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक? २०२३ साली सरकारनं ही सेवा संस्थांकडून स्वतःच्या हातात घेतली अन् ११२ ला जोडली. ११२ म्हणजे पोलीससुद्धा. आता सांगा, ज्या लेकराला पोलिसाचंच भेव, त्यानं तो नंबर कुठल्या हिमतीनं लावायचा?

नंबर फेकून द्या असं आम्ही म्हणत नाही. कुणाला मार बसत असेल, कुणाचं कोवळ्या वयात लग्न लावत असतील, तर लावाच. पण लेकरांसाठीची गोष्ट साहेबांच्या टेबलावर बेतली की ती साहेबांच्याच मापाची होते.

सरकारला शिव्या घालणं सोपंय. आपण काय केलं? जयंतीला डीजे लावला, बॅनरवर आपलंच थोबाड छापलं. पोरगं रडायला लागलं की म्हणतो, 'वाघ ना तू? रडतो काय?' पोरगी बोलायला लागली की तिला चहा करायला पाठवतो. २०१६ साली रोहित वेमुला गेला, २०१९ साली पायल तडवी, २०२३ साली दर्शन सोळंकी. तिघंही हुशार, तिघंही घरापासून लांब शिकणारी. आपण पोस्टरं छापली. आज तसंच आतून तुटत चाललेलं पोर आपल्याच होस्टेलात शेजारच्या खाटेवर असेल. त्याला आपण विचारतो काय? 'मार्क किती पडले?'

म्हणून मित्रांनो, बैठक नव्यानं बांधावी लागेल. विहारात आठवड्याची एक संध्याकाळ फक्त लेकरांची. बसायचं कसं, बोलायचं काय, ते तीच ठरवतील. पोरींची वेगळी बैठक पाहिजे का, ते पोरीच सांगतील. पुढाऱ्याचं भाषण नाही. फोटो नाही, स्टेटस नाही. ऐकलेलं दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर चघळायचं नाही. शाळेत जातीवरून कोण काय बोललं, ते तिथं मोकळं सांगता आलं पाहिजे. 'मनावर घेऊ नको' हे उत्तर तिथं चालणार नाही.

अन् एक गोष्ट गाठीला बांधा. सोबती म्हणजे डॉक्टर नव्हे. कुणी 'जगावंसं वाटत नाही' म्हणालं, तर ते गुपित ठेवायचं नाही. त्याला एकटं सोडायचं नाही. भरवशाच्या मोठ्या माणसाला तिथल्या तिथं सांगायचं, सरकारी दवाखान्यात सोबत जायचं. १४४१६ हा मानसिक आजारासाठीचा फुकट फोन दिवसरात्र चालतो, तो लावायचा. पंधरा वर्षांच्या पोरीच्या खांद्यावर मैत्रिणीच्या जिवाचं ओझं टाकून आपण मोकळं व्हायचं नाही. ऐकायचं लेकरांनी, पण पाठीशी उभं राहायचं आपण.

रस्त्यावरची लढाई चालूच राहील. पण उद्या रस्त्यावर येणारं लेकरू आज घरात घुसमटत असेल, तर ती लढाई लढणार कोण? येत्या रविवारी विहाराची किल्ली मागून घ्या. लेकरांना बोलवा. त्यांना बोलू द्या. आपण दाराबाहेर बसू.

जयभीम!