घरखर्चाची वही : लाडक्या पाहुण्याची फणी

ल्हासा अप्सो किंवा शिह त्झू जातीचे पिल्लू घरी आणताना त्याच्या किमतीचा विचार होतो. केसांचा मात्र सहसा होत नाही. या कुत्र्यांचे केस माणसाच्या केसांप्रमाणे वाढतच राहतात. ते साधारणतः दर सहा आठवड्यांनी जाणकाराकडून कातरून घ्यावयाचे, म्हणजे वर्षाच्या जवळजवळ नऊ खेपा. एका खेपेस समजा १,२०० रुपये पडले, तर वर्षाचे १०,८०० झाले. दरमहा ९०० रुपये बाजूला काढून ठेवावे लागतील. नखे व कान यांची निगा त्यातच येते काय, हेही आधी विचारून घ्यावे.

खरी गोम निराळीच आहे. कानांमागे, काखेत, पट्ट्याखाली केसांच्या गाठी होतात. त्या न सोडविता अंघोळ घातली, तर वाळताना नमद्यासारख्या आवळतात, कातडी ताणली जाते आणि ते मुके जनावर कळवळते. मग गाठींचे पैसे वेगळे, किंवा सगळे अंगच भादरणे आले. रोज दहा मिनिटे धातूची फणी मुळापर्यंत फिरविली व केस आखूड ठेवले, तर पुढची खेप आठव्या आठवड्यावर नेता येते.

ही फणी कोणी फिरवावयाची, हे मात्र पिल्लू येण्यापूर्वीच ठरवावे. मुलांचा उत्साह पहिल्या पंधरवड्यापुरताच असतो!