गाजर गवताची खाज गोळीने का जात नाही?

अंगाला खाज सुटली की मेडिकल दुकानातून अ‍ॅलर्जीची गोळी आणायची आणि पुन्हा भांगलणीला जायचे, ही आपल्या गावांतील रीतच झाली आहे. गोळीवर आमचा राग नाही. पण गाजर गवताने, म्हणजे आपल्याकडे ज्याला काँग्रेस म्हणतात त्याने, ज्याचा चेहरा, मान व हात काळवंडून कातडी जाड झाली आहे, त्याने वर्षानुवर्षे तीच गोळी गिळत राहावे हे आम्हांस पटत नाही.

आपल्या कातडीत रक्तवाहिन्या व मज्जातंतू यांच्या शेजारी मास्ट पेशी असतात. पाउल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने 1878 साली त्यांचे वर्णन केले. आत दाणे ठासून भरलेले पाहून त्याला त्या खाऊनपिऊन लठ्ठ झाल्यासारख्या वाटल्या, म्हणून हे नाव. त्या दाण्यांत हिस्टामिन असते. एखाद्याला कोळंबी सोसत नाही. ती पोटात गेली की थोड्याच वेळात या पेशी दाणे बाहेर टाकतात, रक्तवाहिन्या पाझरतात व अंगावर गांधी उठतात. यालाच आपण पित्त उठणे म्हणतो आणि आमसूल चोळतो. येथे मुख्य कर्ता हिस्टामिन, म्हणून त्याला अडविणारी गोळी लागू पडते.

गाजर गवताचे पुरळ निराळे. त्यातील पार्थेनिन हे द्रव्य झाडावरच्या बारीक लवेत असते व वाळल्यावर धुळीबरोबर उडून अंगावर बसते. शरीराने एकदा त्याच्याशी वैर धरले की पुढच्या प्रत्येक वेळी टी पेशी चालून येतात. त्यांना यायला एक-दोन दिवस लागतात. मास्ट पेशी तेव्हाही स्वस्थ बसत नाहीत. जुनाट इसबात त्या वाढलेल्या आढळतात. हिस्टामिनखेरीज इतर रसायने सोडून त्या आणखी पेशींना बोलावतात आणि मज्जातंतूंना डिवचतात. माणूस खाजवितो, कातडीची भिंत फुटते, धूळ आणखी आत शिरते आणि पुन्हा खाज. गोळी यातील एकच वाट अडविते. जुन्या गोळ्यांनी गुंगी येऊन झोप लागते, एवढेच. आतली सूज चालूच राहते.

मग माणूस मलमाकडे वळतो, किंवा ‘एक सुई मारा’ म्हणतो. दोन्हींत बहुधा स्टेरॉइड असते. योग्य ठिकाणी, थोडे दिवस, डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते मोठे उपकारक औषध आहे. मनाने महिनोन् महिने तोंडाला चोपडले तर कातडी पातळ होते. सुया वारंवार घेतल्या तर साखर वाढते व हाडे ठिसूळ होतात. असे अनेक मलम चिठ्ठीशिवाय विकू नये असा नियम 2018 साली झाला, पण खेड्यातल्या दुकानात तो कितपत पाळला जातो हे वाचकांना ठाऊक आहे. त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठीवर पट्ट्या लावून तपासणी होते. तेथे जाण्याचा एक दिवसाचा खाडा परवडतो, असे आमचे मत आहे.

आणखी एक बोलावेसे वाटते. अशा माणसाला महारोग झाला समजून मिस्सेच्या वेळी लोक बाक सोडून सरकतात. हा रोग मुळीच संसर्गजन्य नाही. महारोगावरही आता खात्रीचे औषध आहे, तेव्हा त्या रोग्यापासूनही सरकण्याचे कारण नाही. ईयोब खापरीने अंग खाजवीत बसला तेव्हा त्याचे मित्र त्याचे पाप शोधीत होते. आपण निदान तेवढे तरी करू नये.

औषधाइतकेच महत्त्व गवताला आहे. 1956 साली पुण्याकडून नोंदले गेलेले हे परदेशी तण आज प्रत्येक बांधावर आहे. 1983 साली मेक्सिकोतून बंगळूरला आणलेले भुंगेरे पावसाळ्यात त्याची पाने खातात, पण त्यांच्यावर विसंबून भागत नाही. एकेक झाड हजारो बिया टाकते, त्यामुळे एकट्याने आपला बांध साफ करून उपयोग थोडा. फुले येण्यापूर्वी, जमीन ओली असताना, हातमोजे व पूर्ण बाह्यांचा सदरा घालून ते मुळासकट उपटावे. वाळलेले झोडपू किंवा जाळू नये. वेदीवरची शेवंतीही त्याच कुळातली, आणि काहींना तीही सोसत नाही. फुले लावणाऱ्या भगिनींनी हे ध्यानात ठेवावे.

देवळाच्या आवारात व सिमेत्रीच्या भिंतीलगत हे गवत दरवर्षी कंबरेएवढे होते. पहिल्या पावसानंतर प्रत्येक वाड्याने तेथे एक सकाळ द्यावी. ज्यांच्या अंगाला आधीच त्रास आहे त्यांनी मात्र त्या दिवशी घरीच राहावे.